शहापूर-मुरबाडकडच्या साध्या जंगल कॅम्पवर तंबूत रात्र काढायची असेल तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, चला यंदा जंगलात तंबूत राहूया. मग चार-पाच कुटुंबं जातात आणि रविवारी दुपारी तोंड पाडून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात. कुणाचा तंबू रात्री कोसळला, कुणाला प्यायला पाणी पुरलं नाही, कुणाची मुलं अंधारात संडासला जायला घाबरून रात्रभर रडली. नंतर मला विचारतात की तुमचं कसं काय नीट होतं, आणि मी दरवेळी तेच तेच टाइप करते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

हा लेख ज्या जागांसाठी आहे त्या म्हणजे पाड्याच्या कडेला कोणाच्या तरी मालकीची किंवा गावच्या वन समितीने चालवलेली मोकळी जागा, एक विहीर नाहीतर हापसा, एक-दोन संडास, लाईट असलीच तर एक बल्ब, बाकी झाडं. डीजे, स्विमिंग पूल आणि अनलिमिटेड बार्बेक्यू वाल्या ठिकाणी यातलं काहीच लागत नाही, तिकडे खुशाल टूथब्रश घेऊन जा.

सामान कमी पडलं म्हणून वाट लागलेली मी फार कमी पाहिलीये. लागते ती क्रम चुकल्यामुळे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत तर साडेपाचलाच अंधारून येतं, आणि जे काम उजेडात दहा मिनिटांचं असतं तेच टॉर्चच्या प्रकाशात पाऊण तास खातं आणि वर नवरा-बायकोचं भांडण लावून देतं.

१. आधी फोन, आणि "सोय आहे" वर फोन ठेवायचा नाही

जागा सांभाळणाऱ्या मामांना केलेला माझा पहिला फोन असा झाला होता. "मामा, पाण्याची सोय आहे ना?" "आहे की ताई." "आणि संडासची?" "आहे ना." "जेवणाची?" "सगळी सोय आहे, या तुम्ही."

पोचल्यावर कळलं की पाणी म्हणजे पाड्यातला हापसा, उतारावरून खाली सात-आठ मिनिटं आणि येताना भरलेली कळशी घेऊन तोच चढ. संडास होता, आतून कडी नव्हती. जेवणाचं म्हणाल तर सकाळी सांगितलं असतं तर त्यांच्या घरी भाकऱ्या झाल्या असत्या, आता संध्याकाळी पीठ कुठून आणणार. मामा एक अक्षर खोटं बोलले नव्हते, मीच प्रश्न मुंबई-ठाण्याच्या हिशेबाने विचारले होते.

तर विचारायचं असं. पाणी कशाचं, तंबू टाकतो तिथून किती पावलं, आणि तुम्ही स्वतः तेच पिता का. संडास किती, आत नळ आहे की बाहेरून बादली न्यायची, दाराला कडी आहे का, वाटेवर लाईट आहे का. गाडी कुठपर्यंत येते (हे मुद्दाम विचारा, कारण "येते की" म्हणजे कधी कधी त्यांची बाईक येते). चूल पेटवू देता का, लाकडं तुमच्याकडे मिळतील का. कोणत्या कंपनीची रेंज येते आणि नक्की कुठे उभं राहिल्यावर येते. रात्री कोणी राखणीला थांबतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या रात्री अजून कोण येणारे. तीस जणांचा ऑफिस ग्रुप स्पीकर घेऊन येत असेल तर तारीख बदला, तिथे जाऊन चरफडण्यात अर्थ नाही.

जेवण त्यांच्याकडून हवं असेल तर माणसं, वेळ, पैसे आदल्या दिवशीच बोलून घ्या. चुलीवरची भाकरी, चटणी, एखादी भाजी मिळते, झकास असते, पण ऐनवेळी सांगून नाही.

जागा नक्की कोणाची हेही विचारा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे मनाने जाऊन तंबू टाकायचा विचारसुद्धा नको. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे, पनवेलकडे कर्नाळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. जागा हद्दीच्या आत असेल तर वनखात्याची परवानगी लागते आणि ती कोण काढणार हे फोनवरच ठरलं पाहिजे. मालक उडवाउडवी करायला लागला की मी ती जागा सोडून देते.

तपासा: पावसाळ्यात नवख्यांनी जाऊ नये. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं आणि त्यात गोचिड्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत बेस्ट. फेब्रुवारीनंतर साग-ऐनाचा पाचोळा पडून वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा गेलात तरी चूल अजिबात नको.

२. तंबू घरी एकदा उभा करायचा

नवीन तंबू आयुष्यात पहिल्यांदा जंगलात उघडणारे लोक दरवर्षी भेटतात. गच्चीवर, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या गार्डनमध्ये, कुठेही, पण एकदा पूर्ण उभा करा, घड्याळ लावून. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागतील, दुसऱ्यांदा पंधरा. आत सगळ्यांनी आडवं होऊन बघा. तंबूवर "चार माणसं" लिहिलेलं असतं ते चार माणसं सार्डिनसारखी आणि बॅगा बाहेर या हिशेबाने, म्हणजे खरं तर दोन मोठी, एक मूल आणि बॅगा.

चेन सगळीकडून फिरवून बघा, पोल मोजा, खुंट्या मोजा. तंबूबरोबर ज्या खुंट्या येतात त्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या तारेसारख्या असतात, आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत दुसऱ्या ठोक्याला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा-सात इंची जाड खिळे दहा-बारा आणि एक हातोडी घ्या. या एका खरेदीने माझे जेवढे वैताग वाचलेत तेवढे बाकी कशानेच नाही.

३. पाणी आणि जेवणाचा हिशेब

चार माणसं, शनिवार दुपार ते रविवार सकाळ, असं धरलं तर प्यायला माणशी तीन लिटर म्हणजे बारा, आणि चहा-स्वयंपाकाला सहा-सात. म्हणजे वीस लिटरचा एक जार घरून भरून न्यायचाच, तिथे विहीर असो नसो. भांडी, हात, तोंड यासाठी तिथलं पाणी. तिथलं प्यायची वेळ आलीच तर गाळून, खळखळ उकळी आल्यावर अजून मिनिटभर उकळू देऊन मगच. जाराला वरचा दाबायचा पंप लावा नाहीतर खाली तोटी असलेला कॅन घ्या, कारण वीस लिटरचा जार वाकवून ग्लासात ओतायला गेलं की अर्धं पाणी जमिनीला.

जेवण एकच पातेल्यात होणारं ठेवा. मी घरूनच तांदूळ, मूगडाळ, हळद, तिखट, मीठ, गोडा मसाला एका पिशवीत मापात भरून नेते आणि पिशवीवर मार्करने "पाणी ६ वाट्या" लिहून ठेवते, कांदा-टोमॅटो चिरून डब्यात, लसूण सोललेला. तिथे फक्त फोडणी. (एका वर्षी सगळं मीठ खिचडीत घालून ठेवलं आणि सकाळच्या भुर्जीला चिमूटभर मीठ नव्हतं, पाड्यातून मागून आणलं.) सकाळसाठी अंडी, पाव, नाहीतर थालीपिठाची भाजणी. रस्त्यात आणि मधल्या वेळेला मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, केळी. चिकन न्यायचंच असेल तर मसाला लावून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये दगड करून आणि पहिल्याच रात्री संपवायचं. आईस बॉक्समध्ये सुटा बर्फ टाकण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वितळल्यावर तेच पाणी प्यायला होतं.

४. भरताना उलटं भरायचं

जे आधी लागणार ते शेवटी गाडीत जाणार. म्हणजे सगळ्यात वर तंबू, ताडपत्री, खिळे, हातोडी. त्याखाली मॅट आणि गोधड्या, त्याखाली स्वयंपाकाचं, आणि तळाला उद्याचे कपडे. बहुतेक लोक बरोब्बर उलटं करतात, वर चिप्स आणि तंबू तळाला, मग उतरल्यावर सगळं सामान धुळीत पसरतं आणि त्यातच चहा मांडला जातो आणि तिथेच दिवस हातातून जातो.

प्रत्येकाला एक टॉर्च, शक्यतो डोक्याला लावायचा, आणि तो प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात. मोबाईलचा टॉर्च धरू नका, बॅटरी संपते आणि एक हात अडकतो. खाली टाकायला फोमची मॅट लागतेच, कारण थंडी वरून जेवढी लागते त्याच्यापेक्षा जमिनीतून जास्त चढते, नुसत्या चादरीवर झोपलेला माणूस तीन वाजता उठून गाडीत जाऊन बसतो. ठाण्यात पंखा चालू असतो म्हणून फसू नका, तिकडे पहाटे कानटोपी लागते. बाकी फुल बाह्या, फुल पँट, पायमोजे, बंद बूट, रोजची औषधं, सुतळी, चाकू, दोन माचिस वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या.

इशारा: लोकलने जाणार असाल तर गॅसचे कॅन, रॉकेल, पेट्रोल काहीच न्यायचं नाही, रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे. अशा वेळी जेवण सरळ गावातूनच ठरवा.

५. तीनच्या आत पोचायचं

तीन ही हद्द. त्यामागून उलटा हिशेब लावा. ठाण्याहून शहापूरकडे शनिवारी सकाळी माजिवड्यापासून मानकोली, रांजनोलीपर्यंत काय होतं हे मी सांगायला नको, नकाशा दीड तास दाखवत असेल तर अडीच धरा. नवी मुंबईवाल्यांना महापे-शीळफाटा-कल्याण फाटा, तिथेही तेच. कसारा लोकलने आसनगाव किंवा आटगावला उतरत असाल तर गाड्यांमधलं अंतर मोठं असतं, एक चुकली की तास गेला, आणि पुढची रिक्षा किंवा जीप आधी फोनवर ठरवून ठेवा.

हायवे सोडायच्या आधी तीन कामं, यात चूक नको. पेट्रोल, सुट्टे पैसे (गावात रेंज नाही म्हणजे स्कॅनरही नाही) आणि घरी कोणालातरी मेसेज, की कुठे चाललोय, तिथल्या मामांचा नंबर काय, उद्या किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. नकाशा ऑफलाईन डाउनलोड करून ठेवलेला असू दे.

पोचलात की गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा आणि चावी कुठे राहणार ते सगळ्यांना सांगा. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर अंधारात रिव्हर्स घेण्यात आणि चावी शोधण्यात वेळ घालवायचा नाहीये.

६. जागा निवडणं, इथे घाई नको

उतरल्या उतरल्या सामान काढू नका. आधी रिकाम्या हाताने दहा मिनिटं फिरा.

वर बघा. ज्या झाडाखाली उभे आहात त्याला वाळलेली फांदी आहे का, आणि उंचावर काळपट, अर्धगोल पोळं लटकतंय का. आग्यामोहोळ असेल तर त्या बाजूला चूल, धूर, अत्तर, दगड मारणारी मुलं यातलं काहीही नको, सरळ दुसरी जागा. खाली बघा, वारूळ, बिळं, दगडांचे ढीग, लाकडांची रास यांच्यापासून लांब, कारण विंचू आणि साप तिथेच असतात. मग उतार बघा. कोरडा ओहोळ दिसायला सगळ्यात छान असतो, मऊ वाळू, सपाट, सावली, आणि सगळे नवखे तिथेच तंबू टाकतात. नका टाकू. अवकाळी पाऊस झाला तर पाणी तिथूनच येणार, नाही झाला तरी थंड हवा रात्री खोलगट जागेत उतरून बसते. पाणवठ्याच्या अगदी काठावरही नको, रात्री जनावरं पाण्यावर येतात, ती वाट त्यांची आहे.

संडासपासून तीस-चाळीस पावलं लांब पण वाट सरळ दिसेल अशी जागा उत्तम.

मग मामांना विचारा, "इथे टाकू का?" त्यांना माहीत असतं की संध्याकाळी गुरं कुठून परततात. एकदा मी न विचारता टाकला आणि सहा वाजता बारा-पंधरा म्हशी आल्या, त्या काही वळसा घालून गेल्या नाहीत. दोन दोऱ्या तोडून गेल्या.

तपासा: खडे-काटक्या वेचून ताडपत्री अंथरा आणि तिच्यावर सगळ्यांनी खरंच आडवं व्हा. पाठीला दगड लागतोय का, डोकं खाली जातंय का. थोडासा उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला.

७. तंबू, चहाच्या आधी

हो, चहाच्या आधी. चहा मांडला की गप्पा, गप्पांत फोटो, फोटोंत अंधार.

ताडपत्री तंबूपेक्षा किंचित लहान घडी करून खाली टाका. बाहेर डोकावणारी ताडपत्री दव आणि पाऊस गोळा करून बरोब्बर तुमच्या पाठीखाली आणते, आणि सकाळी लोक म्हणतात तंबू गळका निघाला. मग आधी चार कोपरे ठोकून घ्यायचे, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. पोल कापडाच्या बोगद्यातून ढकलत न्यायचा, दुसऱ्या टोकाने ओढायचा नाही, ओढला की सांधे सुटून आत अडकतात. खिळा तिरपा ठोकायचा, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं, साधारण ४५ अंश, सरळ उभा ठोकलेला वाऱ्याच्या दोन झटक्यांत वर येतो. जमीन कातळाचीच असेल तर ठोकत बसू नका, दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर अजून एक दगड.

वरचं कव्हर पाऊस नसला तरी लावायचंच. हिवाळ्यात दव इतकं पडतं की पहाटे कव्हरवरून ओघळ येतात. पण ते ताणून लावा, आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, आणि वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. सगळं घट्ट बंद केलं की चार जणांच्या श्वासाची वाफ कापडावर जमते आणि चेहऱ्यावर टपकते. दोऱ्यांना पांढरी चिंधी नाहीतर प्लास्टिकची पट्टी बांधा, रात्री कोणीतरी अडखळून पडतोच.

लगेच मॅट, गोधड्या आत टाका, चेन पूर्ण लावा, आणि यापुढे चेन कायम बंद. मुलांना हे शंभरदा सांगावं लागतं, सांगा.

आता चहा.

८. गॅस, चूल आणि विस्तव

स्वयंपाकघर तंबूपासून आठ-दहा पावलं, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे धूर आणि ठिणग्या तंबूकडे येणार नाहीत. छोट्या गॅसला वारा लागू नये म्हणून लोक चारही बाजूंनी पत्रा लावतात, त्याने आतला कॅन तापतो आणि तो फुटू शकतो. एकाच बाजूने आडोसा करा. कॅनवर झाकण पडेल एवढं मोठं पातेलं किंवा तवाही नको, कारण तेच.

चूल तिथे आधीची असेल तर तीच वापरा, नवीन जागा काळी करू नका. भोवती दोन हात जमीन पाचोळा झाडून स्वच्छ. लाकडं जंगलातून गोळा करायची नाहीत, मामांकडून मोळी विकत घ्या. आणि पेटवायच्या आधी, परत सांगते आधी, शेजारी भरलेली बादली. पेटल्यावर बादली शोधणारे मी पाहिलेत.

विझवायची पद्धत बहुतेकांना येत नाही. वरून माती लोटली की झालं असं वाटतं, पण मातीखाली निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात आणि सकाळच्या वाऱ्याने पाचोळ्यात जातात. पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, चर्र आवाज बंद होईपर्यंत. मग तळहात उलटा करून राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून विझलेली नाही.

इशारा: थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं तंबूत न्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गॅसही तंबूत पेटवायचा नाही, "दोनच मिनिटं" सुद्धा नाही.

९. संडास

यावर कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. उजेड असताना सगळ्यांनी एकदा जाऊन वाट बघून या, पाणी कुठे, बादली-टमरेल आहे का, दार कसं लागतं. कडी नसेल तर सुतळीचा फास करून आतून खिळ्याला अडकवा. बादली भरून ठेवूनच झोपा. साबण आपला न्या.

संडास भरलेला किंवा वापरण्यासारखा नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, आणि नंतर मातीने पूर्ण बुजवायचा. खुरपं नाहीतर छोटं फावडं त्यासाठीच. ओले टिश्यू पुरायचे नाहीत, ते कुजत नाहीत आणि कुत्री उकरून काढतात. ते, डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत, घरी परत. बायकांनी पाळीच्या तारखा असतील तर एक जास्तीचा पाण्याचा कॅन धरा, मागायला संकोच वाटतो म्हणून आधीच.

१०. साडेपाचची फेरी आणि रात्र

साडेपाचला सगळी कामं सोडून मी एक फेरी मारते. टॉर्च प्रत्येकाच्या खिशात, गोधड्या आत, प्यायचं पाणी तंबूत एक बाटली, बूट-मोजे पायात, खाणं गाडीत. हे झालं की मग निवांत.

खाणं रात्री तंबूत अजिबात नाही. बिस्किटाचा एक पुडा बॅगेत राहिला तरी मुंग्या आणि उंदीर कापड कुरतडून आत येतात, सकाळी माकडं चेन उघडतात. उरलेलं अन्न तंबूमागे फेकायचं नाही. त्यावर पाड्यातली कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. बिबट्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलात आहे हे धरूनच चालायचं. घाबरून जायचं कारण नाही, पण अंधारात लहान मूल एकटं कुठेही नाही, संडासला दोघं मिळून, बोलत, टॉर्च लावून. वनखात्याची हेल्पलाईन १९२६, अँब्युलन्स १०८, दोन्ही नंबर कागदावर लिहून खिशात.

बूट, चपला बाहेर ठेवू नका. एक तर विंचू आत शिरतो, दुसरं म्हणजे कुत्री पळवतात, आमच्या शेजारचे काका एका पायात चप्पल घालून ठाण्याला परत आले होते. पिशवीत घालून तंबूतच ठेवा, आणि तरी सकाळी उलटे करून आपटूनच पाय घाला.

सापांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे चूक परवडत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार आपल्याकडचे मुख्य विषारी. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि बऱ्याचदा दुखतही नाही, खूण दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं सुरू होतं. म्हणून उघड्यावर झोपायचं फॅड नको, चेन बंद तंबूतच. रात्री कोणाला असं काही व्हायला लागलं तर "ॲसिडिटी असेल" म्हणत सकाळची वाट बघू नका. साप चावलाय असं वाटलं तर अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून गाडीत आणि थेट सरकारी रुग्णालय. कापायचं नाही, चोखायचं नाही, वर करकचून दोरी बांधायची नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही, साप पकडायला जायचं नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. तुमच्या जागेपासून यातलं जवळचं कोणतं आणि रस्ता कसा हे दिवसाच मामांना विचारून ठेवा.

आवाजाचं एवढंच सांगते की स्पीकर घरी ठेवा. पाड्यात लोक आठ-नऊला झोपतात आणि पहाटे उठून कामाला लागतात. बोलणं हळू, आणि टॉर्च कोणाच्या घराकडे मारायचा नाही. पाड्यातल्या घरांचे, बायका-मुलांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, आपल्या खिडकीत शिरून कोणी काढले तर चालतील का आपल्याला.

११. सकाळी उलट्या क्रमाने

ऊन पडेपर्यंत तंबूला हात लावू नका. चहा-नाश्ता आधी, तोवर कव्हर काढून झुडपावर न टाकता दोरीवर उन्हात घाला. नंतर आतलं सामान बाहेर, आतला कचरा दारातून झाडून काढायचा, मग खिळे काढायचे. लोक खिळे आधी काढतात आणि वाऱ्याने तंबू फुग्यासारखा शेतात जातो. पोल घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरू करा, टोकापासून केलं की आतलं इलॅस्टिक एकाच बाजूला ताणतं आणि तुटतं. खिळे मोजून पिशवीत, एखादा जमिनीत राहिला तर गुरांच्या पायात जाणार.

चूल परत हात लावून बघा. कचरा सगळा घरी, "इथे टाका, आम्ही जाळतो" म्हणाले तरी. सिगारेटची थोटकं, बाटलीची झाकणं, वेफरच्या पिशवीचे फाडलेले कोपरे, यासाठी मुलांना कामाला लावा, त्यांना बरोबर दिसतात. मामांचे पैसे ठरल्याप्रमाणे रोख, घासाघीस नको.

१२. घरी आल्यावर, त्याच दिवशी

कितीही कंटाळा आला तरी तंबू गॅलरीत नाहीतर गच्चीवर पसरून वाळवा. ओलसर तंबू पिशवीत राहिला की आपल्या हवेत दोन आठवड्यांत बुरशी धरते आणि तो वास कधीच जात नाही. कपडे सरळ मशीनमध्ये, आणि सगळ्यांचं अंग, विशेषतः मुलांच्या काखा, मांड्या, कानामागे गोचीड आहे का बघा. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, माचिस-रॉकेल लावायचं नाही.

मग काय कमी पडलं आणि काय न वापरता परत आलं ते एका चिठ्ठीवर लिहून तंबूच्या पिशवीत टाका, पुढच्या वर्षी आठवत नाही. माझ्या पिशवीत सध्या आहे ती चिठ्ठी अशी: "मीठ वेगळं. खिळे ११, एक आणायचा. कडी नाही, सुतळी. पत्ते नेले, खेळलो नाही."